व्हिस्कीचा ग्लास कोणता घ्यावा? : एका घरगुती प्रश्नाचा संशोधन-प्रश्न होताना

दिवाळीत गावी गेले होते. गाव म्हणजे शिरूर कासार, जिल्हा बीड. (पुणे-नगर रस्त्यावरचं शिरूर वेगळं. परभणीला आल्यापासून हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता ओळख करून देतानाच सांगून टाकते.) मामा त्याच महिन्यात नोकरीतून निवृत्त झाले होते. सत्काराच्या शाली आणि नारळ अजून टेबलावरच पडलेले. मामेभावाने मला हळूच गच्चीवर नेलं आणि मोबाइलवर तीन फोटो दाखवले.

"ताई, पप्पांना व्हिस्कीचे ग्लास द्यायचेत. तू फूड टेक्नॉलॉजीत पीएच.डी. करतेस ना? मग सांग, यातला चांगला कोणता?"

पहिला फोटो रुंद, बुटक्या, जाड बुडाच्या ग्लासांचा. हिंदी सिनेमातला श्रीमंत बाप हातात धरतो तसले. दुसरा ट्यूलिपच्या कळीसारखा, खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता. तिसरा क्रिस्टलचा सेट: सहा ग्लास, सोबत दारू ओतून ठेवायची नक्षीदार सुरई, आत मखमल आणि वर लाकडी पेटी. मामेभावाचा जीव तिसऱ्यात अडकला होता हे दिसतच होतं.

मी स्वतः दारू पीत नाही. माझं काम ज्वारीच्या पदार्थांच्या संवेदी मूल्यमापनाचं, म्हणजे माणसं चाखून, हुंगून, चावून जे सांगतात त्याचे आकडे कसे करायचे याचं. तरी मला हा प्रश्न आवडला. पीएच.डी.चा आराखडा लिहायला बसलेल्या दहापैकी आठ जणांची जी अडचण असते, तीच यात होती. "चांगला कोणता?" हा संशोधनाचा प्रश्न नव्हे, कारण "चांगला" मोजता येत नाही.

आधी "चांगला"चं काहीतरी करा

संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी "कार्यात्मक व्याख्या" आपण सगळ्यांनी पाठ केलेली असते. संज्ञा अशी मांडायची की ती मोजायची कशी हे त्या व्याख्येतच यावं. मी मामेभावाला तेच विचारलं. चांगला म्हणजे वास चांगला येणारा? हातातून न निसटणारा? पडला तरी न फुटणारा? पाहुण्यांसमोर ठेवल्यावर रुबाबदार दिसणारा? की ज्यातून प्यायल्यावर मामांना कमी त्रास होईल असा?

तो म्हणाला, "सगळंच."

संशोधनात "सगळंच" चालत नाही. या प्रत्येक "चांगल्या"साठी आश्रयी चल वेगळा, मोजायचं साधन वेगळं आणि उपलब्ध पुरावाही वेगवेगळ्या ताकदीचा. ग्लासचा आकार हा एकच स्वाश्रयी चल धरला, तरी त्याच्याकडून एका ठिकाणी वासाचं उत्तर मिळतं, दुसरीकडे ओतण्याचं, आणि कधी ही दोन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध जातात. पुढे तसंच झालं.

वासाचा दावा

ट्यूलिप आकाराच्या ग्लासामागचा युक्तिवाद असा: फुगीर पोटात द्रवाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून जास्त बाष्प सुटतं, निमुळत्या तोंडाशी ते एकवटतं, म्हणून नाकाला जास्त वास मिळतो. शेरी हुंगायच्या जुन्या ग्लासांवरून हा आकार आला. स्कॉटलंडच्या रेमंड डेव्हिडसन यांचा ग्लेनकेअर्न ग्लास २००१ च्या सुमारास बाजारात आला आणि आज व्हिस्कीच्या चव-परीक्षणात तो जवळपास ठरलेला झालाय.

युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. मग पुरावा काय?

२०१५ मध्ये टोकियोतल्या एका गटाने एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एका जाळीवर विकरं बसवली आणि ती जाळी ग्लासच्या तोंडावर ठेवली. अल्कोहोलचं बाष्प जाळीला लागलं की विकराच्या क्रियेने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि ल्युमिनॉलसोबत तिथे प्रकाश पडतो. कॅमेऱ्याने तो टिपायचा. थोडक्यात, वासाचा नाही पण अल्कोहोलच्या बाष्पाचा फोटो. वाइनच्या ग्लासात, वाइन १३ अंश सेल्सिअसला असताना, बाष्प कडेने कड्यासारखं दिसलं आणि मधे विरळ. म्हणजे मधोमध नाक नेलं तर अल्कोहोलचा झणका कमी लागावा. सरळ भिंतीच्या ग्लासात किंवा उथळ, पसरट ग्लासात हे कडं दिसलं नाही. आणि वाइनचं तापमान वाढवल्यावर वाइनच्या ग्लासातलंही कडं गेलं.

या प्रयोगाच्या बातम्या "ग्लासच्या आकाराने चव बदलते हे सिद्ध" अशा थाटात फिरल्या. पेपर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे वेगळं काढायची सवय इथेच लावा. मोजलं होतं इथेनॉल. माणसाला काय जाणवलं ते मोजलं नव्हतं. द्रव वाइन होतं, व्हिस्की नव्हे. वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १२-१४ टक्के, व्हिस्कीत ४० च्या पुढे. आणि तापमान १३ अंश. शिरूरला मे महिन्यात रात्री नऊ वाजता खोलीचं तापमान किती असतं हे आमच्याकडच्यांना सांगायला नको. "रूम टेंपरेचर" हा शब्द स्कॉटलंडमध्ये एक अर्थ सांगतो आणि बीड जिल्ह्यात दुसरा.

मग माणसांवर प्रयोग केले नाहीत का? केलेत, मुख्यतः वाइनवर. तिथली खरी डोकेदुखी वेगळी आहे, आणि चाचणीचा आराखडा करणाऱ्या प्रत्येकाने तिच्यावर थोडं थांबावं. औषधाच्या चाचणीत गोळी सारखी दिसते, म्हणून रुग्णाला आपण काय घेतलं ते कळत नाही. ग्लासच्या चाचणीत ग्लास तर हातात असतो! महागडा, पातळ काचेचा ग्लास हातात आला की माणूस आपोआप म्हणतो, "व्वा, काय वास आहे." हा वास काचेचा की किमतीचा? २००२ मध्ये डेलविच आणि पेल्चॅट या दोघींनी यावर उपाय म्हणून सहभागींना ग्लास दिसणार नाही आणि हातालाही लागणार नाही अशी व्यवस्था केली. फक्त नाकाने हुंगायचं. फरक आढळला, पण सूक्ष्म. डोळे आणि हात काढून घेतले की ग्लासचा बराचसा रुबाब उतरतो, असा मी त्याचा अर्थ लावते.

(ऑलिव्ह तेलाची चव पाहणारे तज्ज्ञ गडद निळ्या ग्लासातून चाखतात, का माहितीये? तेलाचा रंग दिसू नये म्हणून. ज्वारीच्या बिस्किटांसाठी आम्ही लाल दिवा लावतो तो याच कारणाने. माझ्या पहिल्या चाचणीत मी हे विसरले होते आणि तीन दिवसांचं काम वाया गेलं होतं. असो.)

ग्लासपेक्षा पाण्याचा परिणाम मोठा असण्याची शक्यता आहे. २०१७ मध्ये स्वीडनच्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकी अनुकरणाने दाखवलं की धुरकट वास देणारा ग्वायाकॉल हा रेणू, मिश्रणात इथेनॉल ४५ टक्क्यांपर्यंत असताना, द्रवाच्या वरच्या थरात राहणं पसंत करतो. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की इथेनॉलच्या गराड्यात आत ओढला जातो. म्हणजे पाणी घातल्याने वास वर येऊ शकतो. हेही अनुकरण आहे, माणसांचं नाक नव्हे, हे तुम्ही आता स्वतःच म्हणायला लागला असाल.

ग्लासच्या आतल्या भिंतीवरून ओघळणाऱ्या धारा पाहून "माल भारी आहे" म्हणणारेही असतात. त्या धारा अल्कोहोल आणि पाणी यांच्या पृष्ठताणातल्या फरकाने बनतात. जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच हे सांगितलंय. धारांवरून अल्कोहोल आहे एवढं कळतं, दर्जा कळत नाही.

आता कळीचा मुद्दा. हे सगळं ज्या पेयाबद्दल चाललंय ते मामांच्या ग्लासात असतं का? आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या व्हिस्कीचा पाया म्हणजे उसाच्या मळीपासून काढलेलं मद्यार्क. त्यात कमी-अधिक माल्ट मिसळतात. युरोपीय संघाच्या नियमाने व्हिस्की धान्याचीच हवी, त्यामुळे यातल्या बऱ्याच बाटल्या तिथे व्हिस्की म्हणून विकताच येणार नाहीत. (गोव्यात आणि बेंगळुरूला जवाची अस्सल सिंगल माल्टही बनते, पण ती मामांच्या खिशाबाहेरची.) दसरा झाला की आमच्या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कारखान्यांच्या फडावर कोयते पडतात. त्या उसाची साखर होते, साखरेमागे उरते ती मळी, आणि मळीचं पुढे मद्यार्क. मामांच्या ग्लासातल्या वासाचं मूळ स्कॉटलंडच्या धुरात नाही, गाळपाच्या हंगामात आहे. शिवाय मामा त्यात बर्फ आणि सोडा घालतात, सोबत शेंगदाणे आणि तिखट चिवडा. अशा वेळी निमुळत्या ग्लासाने वासात काही फरक पडेल का? मला पुरावा सापडला नाही. सापडलेले सगळे अभ्यास दुसऱ्या पेयाचे, दुसऱ्या तापमानाचे, दुसऱ्या सवयीचे आहेत. याला बाह्य वैधतेचा प्रश्न म्हणतात. साहित्याचा आढावा लिहिताना "परदेशात असं आढळलं, म्हणून इथेही" ही उडी आपण सर्रास मारतो. मारू नका.

मामींची विदा

मी ट्यूलिप ग्लास बाजूला ठेवला आणि खाली स्वयंपाकघरात गेले. मामी करंज्या तळत होत्या. ग्लासचं ऐकून त्या हसल्या नाहीत.

"ते रोज दोनच घेतात. मी मोजते, दोनच असतात. पण बाटली चौथ्या दिवशी संपते गं."

मी तिथेच पाटावर बसले. बाटली ७५० मिलीची. मामा म्हणतात तसे ६० चे दोन पेग, म्हणजे दिवसाला १२० मिली. ७५० भागिले १२०, बाटली सहा दिवसांहून थोडी जास्त पुरायला हवी. ती चार दिवसांत संपते, म्हणजे दिवसाला १८७ मिली, ग्लासामागे जवळपास ९४. भंगारवाल्याला देण्यासाठी बाटल्या मामीच गोळा करतात, त्यामुळे ही विदा कच्ची असली तरी तिच्यावर माझा विश्वास आहे.

आता घाई करायची नाही. या फरकाची आणखी किती कारणं असू शकतात? तिसरा ग्लास मामींच्या नजरेआड होत असेल. कोणी पाहुणा येत असेल. मामेभाऊ स्वतः हात मारत असेल. ("मी नाही हं, ताई," तो दारातून म्हणाला. नोंद घेतली.) मामींच्या लक्षात फक्त लवकर संपलेल्या बाटल्या राहत असतील. आणि शेवटची शक्यता: दोन म्हणजे खरंच दोनच, पण एक म्हणजे साठ नाही.

या शेवटच्या परिकल्पनेकडे माझं लक्ष गेलं, कारण मामा पितात स्टीलच्या ग्लासात. आजी होत्या तेव्हा त्यांच्यासमोर काचेचा ग्लास नको म्हणून लागलेली सवय. आजी गेल्या, सवय राहिली. स्टीलच्या ग्लासात बाजूने पातळी दिसत नाही, वरून डोकावून अंदाज घ्यायचा. आणि मामांचं माप म्हणजे "दोन बोटं".

दोन बोटांचं गणित

वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, एवढंच लागतं. आतला व्यास ५ सेंटिमीटर असलेल्या सरळ ग्लासात ६० मिली द्रव सुमारे ३ सेंटिमीटर चढतं. व्यास ८ सेंटिमीटर असेल तर तेच ६० मिली जेमतेम १.२ सेंटिमीटर. आता उलट करा. दोन बोटांची जाडी ३.२ सेंटिमीटर धरली, तर अरुंद ग्लासात ६३ मिली झाले आणि रुंद ग्लासात १६१. बोटं तीच.

याहून महत्त्वाचं म्हणजे चुकीची किंमत. हात पाच मिलिमीटरने चुकला तर अरुंद ग्लासात साधारण १० मिली इकडेतिकडे होतात, रुंद ग्लासात २५. साधनाची संवेदनशीलता म्हणजे दुसरं काय? प्रयोगशाळेत आपण मोजनळी अरुंद का वापरतो आणि तेच माप चंचुपात्राच्या खुणांवर का घेत नाही, याचंही उत्तर हेच.

यावर अभ्यास आहे, आणि तोही नावाजलेला. २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वॅनसिंक आणि व्हॅन इटर्सम यांचा लेख आला. १९८ विद्यार्थी आणि ८६ बारटेंडर. बुटका-रुंद आणि उंच-अरुंद असे सारख्याच क्षमतेचे ग्लास देऊन ठरावीक माप अंदाजाने ओतायला सांगितलं. रोज हेच काम करणाऱ्या बारटेंडरांनीसुद्धा रुंद ग्लासात सुमारे २० टक्के जास्त ओतलं. किती सोयीचा संदर्भ! मी तो मामेभावाला वाचून दाखवणार, तेवढ्यात नाव डोक्यात वाजलं.

ब्रायन वॅनसिंक. कॉर्नेल विद्यापीठाचे हे प्राध्यापक खाण्याच्या सवयींवरच्या संशोधनासाठी जगभर गाजले होते. २०१८ मध्ये विद्यापीठाच्या चौकशीत त्यांच्याकडून शैक्षणिक गैरवर्तन झाल्याचा निष्कर्ष निघाला, त्यांनी राजीनामा दिला, आणि त्यांचे डझनाहून जास्त लेख नियतकालिकांनी मागे घेतले. म्हणून त्यांचा प्रत्येक लेख खोटा ठरतो का? नाही. पण त्या २० टक्क्यांवर मी माझं घर बांधणार नाही. मुलाखतीत तुम्हाला कोणी विचारलं की शंकास्पद लेखकाचा निष्कर्ष तुमच्या आराखड्यात आला तर काय कराल, तर माझं उत्तर असं: तो लेख काढून टाकल्यावर माझा युक्तिवाद उभा राहतो का ते पाहीन.

इथे राहतो. वरचं गणित वॅनसिंकवर अवलंबून नाही, ते पाय-आर-वर्गवर अवलंबून आहे. आणि उंच भांड्यात द्रव जास्त वाटतं हे पियाजेंनी लहान मुलांवरच्या प्रयोगांत कधीच दाखवलंय, डी.एड., बी.एड. केलेल्यांना ते पाठच असेल. शिवाय दुसऱ्या एका गटाचा स्वतंत्र अभ्यास आहे. २०१२ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांना असं आढळलं की सरळ ग्लासातली बिअर संपवायला लोकांना वक्र ग्लासापेक्षा सुमारे ६० टक्के जास्त वेळ लागला. तो वेगाचा प्रश्न, ओतण्याचा नव्हे, आणि पेय बिअर. म्हणून त्याला आधार म्हणण्यापेक्षा शेजारी म्हणते.

मग आम्ही पाण्याने करून पाहिलं. दारूने नाही. सकाळचे अकरा वाजले होते हे एक, आणि दुसरं म्हणजे असा प्रयोग विद्यार्थ्यांवर करायचा कुणाच्या मनात असेल तर लक्षात ठेवा, महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि पिण्याचा परवानाही लागतो. पाण्याची सोय अशी की एक मिलीचं वजन एक ग्रॅम, म्हणजे मामींचा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. मामांना म्हटलं, "मामा, रोजच्यासारखा एक पेग ओता, फक्त पाण्याचा."

"आता मलाच गिनीपिग करतेस काय गं?" म्हणाले, पण ओतलं. स्टीलच्या ग्लासात, मामेभावाच्या मित्राकडून आणलेल्या रुंद ग्लासात, आणि चहाच्या उंच काचेच्या ग्लासात. तिन्ही वेळा काटा साठच्या पुढेच थांबला. सगळ्यात पुढे गेला तो स्टीलच्या ग्लासात. मामा काट्याकडे बघत राहिले. मग काहीही न बोलता त्यांनी ग्लास रिकामा करून पुन्हा ओतून पाहिलं.

एक माणूस, तीन ग्लास, आणि बघणारी भाची समोर बसलेली. कोणी आपल्याकडे बघतंय हे माहीत असलं की माणूस हात आखडता घेतो; तसं झालं असेल तर रोजचं ओतणं याहूनही जास्त असणार. याला मी शोध म्हणणार नाही. पण मामींच्या बाटल्यांचा हिशेब आणि काट्याचा आकडा एकाच दिशेला होते.

बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. इथेनॉलची घनता ०.७८९ धरली तर ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरतं, आणि जागतिक आरोग्य संघटना ज्याला एक प्रमाण पेय मानते ते एवढंच. म्हणजे साठचे दोन पेग हीच मुळात चार पेयं होतात. मामांची प्रत्यक्षात सहाच्या वर जात होती, साधारण ६३ ग्रॅम, आणि आपण दोनच घेतो हे ते मनापासून खरं सांगत होते. २०२३ मध्ये याच संघटनेने स्पष्ट केलंय की सुरक्षित म्हणावी अशी अल्कोहोलची पातळीच नाही. हे मी मामांना सांगितलं. पुढे लावलं नाही.

लाकडी पेटीतलं क्रिस्टल

राहिला तिसरा फोटो. सगळ्यात सोपा निकाल याच्याबद्दल आहे, कारण इथला पुरावा सगळ्यात भक्कम.

पारंपरिक क्रिस्टलच्या काचेत शिसं असतं. चमक त्यामुळे, वजन त्यामुळे, टिचकी मारल्यावर घुमणारा आवाजही त्यामुळे. युरोपच्या वर्गीकरणात पूर्ण शिशाच्या क्रिस्टलमध्ये शिशाचं ऑक्साइड ३० टक्के किंवा त्याहून जास्त लागतं. १९९१ मध्ये ग्राझियानो आणि ब्लम यांनी लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केलेली मोजणी पाहा: अशा सुऱ्यांमध्ये चार महिने ठेवलेल्या पोर्ट वाइनमध्ये शिशाचं प्रमाण लिटरला २,००० ते ५,००० मायक्रोग्रॅमच्या घरात गेलं, आणि पाच वर्षांहून जास्त ठेवलेल्या ब्रँडीत २०,००० च्या आसपास. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे.

इथे वेळ हा चल विसरू नका. ग्लासात ओतून अर्ध्या तासात प्यायलं तर उतरणारं शिसं सुरईच्या मानाने फार कमी. खरा धोका साठवणुकीचा. आणि या सेटमध्ये साठवायची सुरई होती. आता शिसं नसलेलं क्रिस्टलही मिळतं, त्यात बेरियम, जस्त वगैरेंची ऑक्साइडं वापरतात. पेटीवर तसं स्वच्छ लिहिलेलं असेल तर हरकत नाही. मामेभावाने पाठवलेल्या पानावर फक्त "प्रीमियम क्रिस्टल" होतं. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, एकदम ओरिजिनल." लेखी तपशील नसलेला नमुना अभ्यासात घेत नाहीत. तो बाद.

फुटण्याबिटण्याचं पटकन सांगते. साधी काच तापमानाच्या धक्क्याला कच्ची, बोरोसिलिकेट पक्की. पण बर्फाने ग्लास सहसा तडकत नाही, गरम पाण्याने धुतलेल्या ग्लासात लगेच बर्फ टाकला तर तडकतो. व्हिस्कीसाठी बोरोसिलिकेटवर जास्तीचे पैसे घालायची गरज मला दिसत नाही. जाड बूड असेल तर ग्लास कलंडत नाही, ते मात्र बघा.

घेतलं काय?

वासाच्या निकषावर ट्यूलिप, रुबाबाच्या निकषावर रुंद किंवा क्रिस्टल, आणि मापाच्या निकषावर अरुंद, सरळ, पारदर्शक ग्लास. निकष कोणता धरायचा हे विज्ञान ठरवत नाही, ते आपण ठरवायचं आणि आधी ठरवायचं. निकाल बघून निकष बदलणं म्हणजे बाण मारून झाल्यावर भोवती वर्तुळ काढणं. मामींशी बोलून झाल्यावर मामेभाऊच म्हणाला, "मापाचाच धर."

तर शिशाशिवायच्या साध्या काचेचे चार ग्लास घेतले. आतून पाच-साडेपाच सेंटिमीटर रुंद, बूड जाड, भिंत सरळ, नक्षी नाही. नक्षी असली की पातळी नीट वाचता येत नाही. चारच, कारण सहा घेतले की सहा पाहुणे जमतात, हे मामींचं निरीक्षण. पूर्ण सेटचा खर्च मामेभावाच्या लाकडी पेटीच्या पाव हिश्शातही गेला नाही. त्यामुळे तो जरा हिरमुसला. भेट म्हणजे भेट वाटली पाहिजे ना, असं त्याचं म्हणणं, आणि ते चूक नाही. भेटवस्तूत "दिसणं" हाही निकष असतोच.

म्हणून सोबत स्टीलचं पेग-माप घेतलं, एका बाजूने ३० आणि दुसऱ्या बाजूने ६० मिलीचं. ते काट्यावर पाण्याने तपासून घेतलं, कारण न तपासलेलं साधन वापरायचं नाही. मग ते भांड्यांच्या दुकानात नेलं. ज्या गावाच्या नावातच कासार आहे तिथे भेटीच्या भांड्यावर नाव घातल्याशिवाय ती भेट होतच नाही. आमच्या घरातल्या कळशीवर, परातीवर, पेल्यांवर कुणी, कुणाच्या लग्नात, कोणत्या साली दिलं ते सगळं टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे. दुकानदाराने माप उलटसुलट करून पाहिलं, हे कशाचं ते विचारलं नाही, आणि कडेने मामांचं नाव, तारीख आणि "सप्रेम भेट" घातलं. जागा फक्त ३० च्या बाजूला पुरली. त्यामुळे नाव सुलट वाचायचं तर ३० ची बाजू वर ठेवावी लागते. हे ठरवून केलेलं नव्हतं.

मामींना मी एक वही दिली. बाटली उघडली की तारीख, संपली की तारीख. परभणीला परतताना गाडीत लक्षात आलं की मामांची संमती घ्यायची राहिली. आमच्या नैतिकता समितीने हा आराखडा पहिल्याच पानावर परत पाठवला असता. रात्री फोन करून मामांना वहीचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तिला म्हणावं पाहुणे आले तर त्यांचं वेगळं लिही."

गोंधळ घालणारा चल त्यांनी बरोबर पकडला होता. वहीत तिसरा रकाना आखून घेतलाय.